आधी कान, मग गळा

पत्र :

"माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून शास्त्रीय गायनाच्या क्लासला जातो. आवाज गोड आहे असं शाळेतल्या बाई म्हणाल्या, म्हणून आम्ही त्याला घातलं. पहिलं वर्ष बरं गेलं, प्रारंभिक परीक्षेत गुणही छान मिळाले. आता मात्र रोजच्या अर्ध्या तासाच्या रियाजावरून घरात रणकंदन होतं. बस म्हटलं की त्याला तहान लागते, पोट दुखतं, गृहपाठ आठवतो. बसलाच तर डोळे घड्याळाकडे. दिवसभर सिनेमातली गाणी गुणगुणत असतो, पण भूप राग म्हण म्हटलं की तोंड पडतं. पाहुण्यांसमोर तर अजिबात गात नाही. आमच्या दोघांच्याही घराण्यात कुणी गाणारं नाही, राग-तालातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. क्लास बंद करावा की नेटाने बसवावं? शास्त्रीय संगीताची गोडी लागावी म्हणून आमच्यासारख्यांनी काय करावं? गंमत म्हणजे त्याची चार वर्षांची बहीण खेळता खेळता त्याचे पलटे (सारेग, रेगम असे स्वरांचे सराव) जसेच्या तसे म्हणत असते, आणि हा मात्र..."

— एक आई

उत्तर :

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी तिथेच थांबले. अख्ख्या पत्राचं उत्तर त्या वाक्यात आहे असं मला वाटतं.

चार वर्षांची मुलगी पलटे म्हणते. तिला कुणी बसवलेलं नाही, तिच्यापुढे घड्याळ नाही, वही नाही. तिने फक्त ऐकलंय. दादा पलीकडे कुरकुरत का होईना म्हणत होता, आणि ही बाहुलीचे केस विंचरत होती. स्वर कानात गेले, मुरले आणि एक दिवस तोंडातून बाहेर आले. गाणं असंच येतं. दादाच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. त्याच्या कानात भूप पुरेसा साठण्याआधीच आपण त्याला तो गळ्यातून काढायला सांगितला.

मूल बोलायला लागण्याआधी वर्षभर तरी नुसतं ऐकत असतं. त्या वर्षात आपण त्याच्याशी अखंड बोलतो आणि त्याच्याकडून एका शब्दाचीही अपेक्षा ठेवत नाही. शिनिची सुझुकी नावाचे जपानी व्हायोलिनवादक होते (1898 ते 1998). जपानमधलं प्रत्येक मूल जपानी बोलतं, ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट त्यांना फार मोठी वाटली. भाषा इतकी अवघड असून एकही मूल त्यात 'नापास' होत नाही, मग संगीतात का व्हावं, असा प्रश्न त्यांना पडला, आणि त्यातून त्यांनी मातृभाषेच्या वाटेने व्हायोलिन शिकवायची पद्धत उभी केली. तिच्यात दोन गोष्टी पक्क्या असतात. जे वाजवायचंय ते घरी रोज कानावर पडलं पाहिजे, आणि आई किंवा वडील तासाला मुलासोबत बसले पाहिजेत. वाद्य वेगळं, संगीत वेगळं, पण या दोन्ही गोष्टी आपल्या भूपालाही तशाच्या तशा लागू पडतात.

म्हणून आधी मी तुम्हालाच एक प्रश्न विचारते. तुमच्या घरात, तुमच्या मुलाच्या रियाजाखेरीज, शास्त्रीय गाणं कधी लागतं का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. म्हणजे त्या मुलाच्या जगात हे संगीत आठवड्यातून दोनदा क्लासमध्ये आणि रोज अर्धा तास शिक्षेसारखं, एवढंच आहे. जी भाषा घरात कुणीच बोलत नाही, तिचं व्याकरण तो एकटा पाठ करतोय. तोंड पडणारच.

तीस वर्षांहून जास्त काळ मी मुलांना गाणं शिकवतेय. टिकणारी मुलं बहुतेक वेळा गवयांच्या घरातली नसतात. ज्या घरात कुणीतरी मनापासून ऐकतं, त्या घरातली असतात. ऐकणाऱ्याला काही 'कळत' असायची गरज नाही. त्यामुळे तुम्हाला ओ की ठो कळत नाही याची लाज बाळगू नका. उलट त्याचा उपयोग करून घेता येतो, कसा ते पुढे सांगते.

गाणं लावा. 'चल, ऐकायला बस' म्हणून लावू नका, तुमच्यासाठी म्हणून लावा. कपड्यांच्या घड्या घालताना, घर आवरताना, रात्री दिवे मंद केल्यावर. आवाज बेताचा असावा. सुरुवातीला पाऊण तासाचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल नको. विलंबित एकतालाचं एकेक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, कधीकधी जवळपास मिनिटभर चालतं. त्यातली मजा कळायला कान तयार व्हावा लागतो. त्यापेक्षा जुन्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं शोधा. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, आणि तेवढ्यात अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर अशा मंडळींनी अख्खा राग उभा केलाय. मुलांसाठी हे फार सोयीचं आहे. कंटाळा यायच्या आत राग पुरा होतो आणि पुन्हा लावता येतो. भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी अशाच तबकडीवर ऐकली आणि अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडलं. तुमचा मुलगा घर सोडणार नाही, काळजी करू नका. पण तीन मिनिटांत एवढं बळ असू शकतं.

दहा वर्षांच्या मुलाला सांगायला आणखी एक गोष्ट आहे. 1977 साली व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात गेली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत साठवलेली. त्या तबकडीवर भारतातलं एकच गाणं आहे : केसरबाई केरकरांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. व्हॉयेजर 1 निघालं त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ती दोन्ही याने आता सूर्याकडून वाहणाऱ्या सौरवाऱ्याच्या कक्षेबाहेर, ताऱ्यांमधल्या पोकळीत पोचली आहेत, आणि भैरवी त्यांच्याबरोबर आहे. हे आधी सांगा आणि मग ती भैरवी लावा. माझ्या वर्गात ती लावली की पहिल्यांदा सगळी मुलं गप्प होतात, आणि गाणं संपल्यावर कुणीतरी हमखास विचारतं, "बाई, आता ती कुठे असेल?" तेवढ्यासाठी ती पुन्हा लावावी लागते.

आता तुमच्या 'काही कळत नाही'चा उपयोग. मुलाला म्हणा, "मला तीनताल शिकव." मनापासून म्हणा, कारण तुम्हाला तो खरोखरच येत नाही. सोळा मात्रा, चार-चारचे चार गट. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी. नवव्या मात्रेवर टाळी न देता हात मोकळा सोडायचा, त्या जागेला 'खाली' म्हणतात. मधल्या मात्रा बोटांवर मोजायच्या. मग एखादी द्रुत, म्हणजे जलद लयीतली, बंदिश लावा आणि दोघांनी मिळून सम पकडायची, म्हणजे ती पहिली मात्रा, जिथे गाणारा आणि तबला एकत्र येऊन टेकतात.

माझ्याकडे एक मुलगी यायची, तिने वडिलांना असा ताल शिकवला होता. त्यांचा हात खालीला हमखास टाळी द्यायचा. टाळी, दोन, तीन, चार, टाळी, दोन, तीन, चार, आणि पुन्हा टाळी! मुलगी त्यांचं मनगट धरून म्हणायची, "बाबा, इथे रिकामं असतं." महिनाभर हे चाललं. एके दिवशी गाडीत गाणं लागलेलं असताना त्यांचा हात स्टिअरिंगवरून आपोआप उचलला गेला, बरोबर नवव्या मात्रेला. मुलीने क्लासमध्ये येऊन हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा परीक्षेत पहिलं आल्यासारखा होता. त्या महिन्यात तिला रियाजाला बस असं कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. शिकवायचं म्हटलं की आपलं पक्कं करावंच लागतं, आणि दहा वर्षांच्या मुलाला आईला काही शिकवायला मिळणं ही केवढी मोठी गोष्ट असते.

घरी पेटी असेल तर आणखी एक खेळ सांगते. पेटी नसेल तर मोबाइलवर पियानोच्या पट्ट्या दाखवणारं कुठलंही अ‍ॅप चालेल. मला हा खेळ फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेटीवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत असतात. दोनांतली पहिली ती काळी एक, मग काळी दोन. तीनांतल्या काळी तीन, चार आणि पाच. पांढऱ्यांना हातच लावायचा नाही. काळी तीनला सा धरा आणि एकामागून एक काळ्या पट्ट्या दाबत पुढच्या सप्तकातल्या काळी तीनपर्यंत जा. सा रे ग प ध सां. हा झाला तुमच्या मुलाचा भूप! आता त्याच काळ्या पट्ट्या, फक्त सुरुवात काळी एकपासून. सा रे म प ध सां. गंधार (ग) नाहीसा झाला, मध्यम (म) आला : हे दुर्गाचे स्वर. आता सुरुवात काळी पाचपासून करा. एकदम सगळं गंभीर होतं, जणू खोलीत संध्याकाळ झाली. गंधार, धैवत (ध), निषाद (नि) तिन्ही कोमल, म्हणजे थोडे खाली उतरलेले. हे मालकंसाचे स्वर. काळी दोनपासून धानीचे स्वर मिळतात आणि काळी चारपासून मधमाद सारंगाचे. पट्ट्या त्याच पाच. सा कुठे मानला, एवढंच बदललं. याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात.

स्वर मिळाले म्हणजे राग झाला असं नाही, हेही त्याला यातूनच दाखवता येतं. भूप आणि देशकार यांचे स्वर अगदी तेच आहेत, पण भूप गंधारावर घर करतो आणि देशकार वर, धैवतावर. दोन्हींची छोटी ध्वनिमुद्रणं पाठोपाठ लावा आणि विचारा, "गाणारा कुठल्या स्वरावर जास्त रेंगाळतोय?" चूक-बरोबर ठरवू नका. तो म्हणाला, "हा खालचा वाटतो आणि हा वरचा," तर त्याने पुष्कळ ऐकलं. ज्या मुलाला भूप म्हणजे परीक्षेचा राग एवढंच माहीत होतं, त्याला भूप ही ओळखीची, शेजाऱ्यांपेक्षा वेगळी अशी एक व्यक्ती वाटायला लागते.

आता रियाज. अर्धा तास हा आकडा कुठून आला? बहुधा क्लासमध्ये सांगितला असेल आणि तुम्ही प्रामाणिकपणे पाळताय. दहा वर्षांच्या मुलाचा सलग अर्धा तास म्हणजे दहा मिनिटं गाणं आणि वीस मिनिटं घड्याळ. त्याऐवजी दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे करा, आणि दुसरा राहिला तर राहू द्या. आधी तानपुरा लावा. यंत्रातला, मोबाइलमधला, कुठलाही. स्वर सुरू झाल्यावर लगेच गायचं नाही. मिनिटभर नुसतं ऐकायचं, मग त्यात आपला सा मिसळायचा. नीट जुळतो तेव्हा आपला आवाज वेगळा ऐकू येईनासा होतो, तानपुऱ्यातच विरघळल्यासारखा. हे त्याला एकदा जाणवू द्या. गाण्याची पट्टी, म्हणजे सा कुठला धरायचा ते, त्याच्या गुरूंनी ठरवलेलीच ठेवा. या वयातल्या मुलांची पट्टी साधारण बायकांच्या जवळपास, उंच असते. वडिलांच्या किंवा एखाद्या मोठ्या गवयाच्या पट्टीत त्याला ओढू नका, गळ्यावर ताण येतो.

त्या दहा मिनिटांत तुम्ही खोलीत बसा. हातात फोन नको. 'पुन्हा म्हण', 'नीट म्हण', 'तोंड उघड' यातलं काहीही म्हणू नका. संपल्यावर एखादी खरी गोष्ट सांगा : "मघाशी धैवतावर थांबलास ना, तेव्हा बरं वाटलं." 'छान झालं' हे मुलांना तिसऱ्या दिवशी खोटं वाटायला लागतं. नेमकं ऐकलेलं मात्र त्यांना लगेच ओळखू येतं. आपल्या मैफलींतली दाद तशीच असते. ती गाणं संपायची वाट बघत नाही, जागच्या जागी उमटते. तुमच्याही तोंडून एखादेवेळी 'वा' निघून गेलं तर दाबू नका.

पलट्यांचा कंटाळा येणं मी समजू शकते. सारेग, रेगम, गमप, रोज तेच. पण त्या पलट्यांच्या मागे एक सुंदर हिशेब आहे आणि तो मुलांना कुणी सांगत नाही. सा, रे, ग हे तीन स्वर किती प्रकारे मांडता येतील? सहा. चार स्वर? चोवीस. भूपाचे पाच? एकशे वीस. सातही घेतले तर पाच हजार चाळीस. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात या मांडण्यांची पद्धत आहे. तिला खंडमेरू किंवा मेरुखंड म्हणतात. आपल्या काळात अमीर खाँसाहेबांच्या गाण्यात ही मेरुखंडाची चाल ठळक दिसते. तेव्हा मुलाला सा रे ग म या चार स्वरांच्या सगळ्या मांडण्या कागदावर लिहून काढायला सांगा. एकही राहता कामा नये आणि एकही दोनदा येता कामा नये, म्हणजे गणित झालंच. चोवीस चिठ्ठ्या करून डब्यात टाका. रोज तीन उचलायच्या आणि गायच्या. ग सा म रे निघालं तर? म्हणून तर बघ! सरळ चढ-उतारापेक्षा हे कितीतरी कठीण आहे, आणि तरीही मुलं चौथी चिठ्ठी मागतात. धाकटीला उचलायला द्या. तिला वाचता येत नसलं तरी चिठ्ठी काढायचा मान तिचा.

मुलाची वही तुम्हालाही वाचता येईल. संगीताचे अभ्यासक पंडित विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील होते; गावोगाव फिरून त्यांनी बंदिशी जमवल्या आणि साध्या खुणांत लिहून ठेवल्या. स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक, वर टिंब म्हणजे तार (वरचं). स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. समेला फुली, खालीला शून्य. एवढं कळलं की पान उलगडतं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या लिपीतल्या खुणा वेगळ्या आहेत, तेव्हा वहीत कुठली आहे ते मुलालाच विचारा. हाही त्याचाच तास.

सिनेमातल्या गाण्यांशी भांडू नका. याबद्दल मला पोटतिडकीने लिहावंसं वाटतं, कारण ही चूक मी केलेली आहे. शिकवायला लागल्यावर पहिल्याच काही वर्षांत एका मुलीने वर्गात मला विचारलं होतं, "बाई, मी नवीन गाणं म्हणून दाखवू?" मी म्हणाले, "इथे असली गाणी नाहीत." ती गप्प बसली. महिन्याभरात क्लास सुटला. ते गाणं कुठलं होतं, हे मी तिला विचारलंसुद्धा नाही. आता कुणी असं गाणं आणलं की आम्ही पहिल्या दोन ओळींचे स्वर शोधतो. सिनेसंगीतातली, भावगीतांतली, नाट्यसंगीतातली कितीतरी गाणी यमन, भूप, भैरवी अशा रागांवर उभी आहेत. स्वर सापडेपर्यंत मूल तेवढ्याच दोन ओळी पन्नासदा गातं, मन लावून, आणि त्याला आपण रियाज केला हे कळतही नाही. तुमचा मुलगा दिवसभर गुणगुणतो असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला तर त्या ओळीने केवढा धीर दिला. गाणं त्याच्यात आहे, ते वाट शोधतंय.

परीक्षांबद्दल थोडक्यात. त्या वाईट नाहीत. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं सामान्य घरांतल्या मुलांपर्यंत पोचावं म्हणून. अभ्यासक्रम आणि परीक्षा ही त्यातली एक पायरी. पण प्रवेशिका प्रथम ही पुढची परीक्षा यंदाच दिली पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. हे वर्ष सोडा. क्लासच्या गुरूंना एकट्याने भेटा, मूल बरोबर नको, आणि घरात काय चाललंय ते मोकळेपणाने सांगा. समजून घेणारे गुरू तुम्हालाच चार गोष्टी सुचवतील. ते मुलांना सर्वांसमोर घालूनपाडून बोलतात, इतरांशी तुलना करतात असं लक्षात आलं, तर मात्र गुरू बदलायला कचरू नका. त्यात गुरूचा अपमान नाही. संगीत सोडण्यापेक्षा गुरू बदलणं कधीही बरं.

आणि पाहुण्यांसमोर गायला लावणं आजपासून बंद. पाहुणे बोलत असतात, टीव्ही अर्धवट चालू असतो, तानपुरा नाही, आणि मधेच मुलाने उभं राहून गायचं. मोठ्या गवयालाही ते जमणार नाही. त्याला गावंसं वाटेल तेव्हा तो स्वतः सांगेल, आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी खाली बसून ऐकायचं.

मैफलीला नेणार असाल तर पुढे, कडेला बसा, म्हणजे तबलजीचे हात दिसतात आणि मधेच उठताही येतं. मध्यंतरापर्यंत बसला तर पुष्कळ झालं. पहिल्या खेपेला तबलावादन किंवा जुगलबंदी निवडा. गायन असेल तर तराणा असेल अशा आशेने जा. त्या दिर दिर तनोमच्या बोलांना लहान मुलं हटकून हसतात आणि घरी येऊन तेच म्हणतात.

आता तुमचा मूळ प्रश्न : बंद करावा की बसवावं? माझं मत स्पष्ट आहे. भांडणाच्या आठवड्यात क्लास बंद करू नका, आणि हात धरून बसवूही नका. तीन महिने घ्या. त्या तीन महिन्यांत परीक्षा नाही, अर्ध्या तासाची सक्ती नाही, पाहुणे नाहीत. घरात गाणं आहे, चिठ्ठ्यांचा डबा आहे, पेटीवरच्या काळ्या पट्ट्या आहेत, आणि ताल शिकणारी आई आहे. नंतर त्याला शांतपणे विचारा, आणि तो जे म्हणेल ते ऐकायची तयारी ठेवून विचारा. कदाचित त्याला गाण्यापेक्षा तबला हवा असेल, बासरी हवी असेल. या दोन वर्षांत कानाने जे शिकलंय ते तिकडेही सोबत येतं. कदाचित काहीच नको असेल, नुसतं ऐकायचं असेल. तसं झालं तर तुम्ही हरलात असं मला अजिबात वाटणार नाही. समोर जाणकार, रसिक बसलेला असला की गवई कसा खुलतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. तो रसिक कुठल्यातरी घरात लहानपणीच तयार झालेला असतो.

तो गात राहिला तर एक गोष्ट आत्ताच ध्यानात ठेवा. साधारण बाराव्या ते चौदाव्या वर्षाच्या आसपास मुलांचा आवाज फुटतो. खाली उतरत उतरत जवळजवळ सप्तकभर उतरतो. त्या काळात काल लागलेला स्वर आज लागत नाही, आणि पुष्कळ गुणी मुलं 'माझा आवाज गेला' म्हणून तिथेच गाणं सोडतात. त्याला हे आधीपासून माहीत असू द्या. तेव्हा जोर लावायचा नाही, वरच्या सप्तकाच्या वाटेला जायचं नाही. मंद्रात, हलक्या आवाजात थोडं गायचं, ऐकायचं भरपूर, हवं तर त्या वर्षी तबल्याचे बोल शिकायचे. आवाज परत येतो, नवा होऊन.

राहिली धाकटी. तिचं कौतुक वाटून तुम्ही तिलाही एव्हाना क्लासमध्ये घालायचा विचार केला असेल, कारण पत्रातल्या त्या 'गंमत म्हणजे'मध्ये मला तो थोडासा ऐकू आला. इतक्यात घालू नका. ती खेळताना पलटे म्हणते तेव्हा तिच्याकडे वळून बघू नका, मोबाइल काढून चित्रण करू नका, 'पुन्हा म्हणून दाखव' तर मुळीच म्हणू नका. बाहुलीचे केस विंचरून होऊ द्या.